‘पेशंट ऐकत नाही’ असं लिहिण्याआधी

केसपेपरवर ‘औषधं नियमित घेत नाही’ ही ओळ फार सहज लिहिली जाते. ती खोटी नसते, पण तिथेच थांबलं की निदान अर्धवट राहतं. गोळी का चुकली, तपासणीला नकार का आला, दुखणं अंगावर काढून माणूस इतक्या उशिरा का आला? या प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा दोन ठिकाणी सापडतात. एक म्हणजे त्या माणसाची आजची परिस्थिती: काम, घर, पैसा, समाजातलं स्थान. दुसरी म्हणजे त्याच्या लोकांनी आधीच्या काळात सरकार, शाळा, दवाखाना यांच्या हातून जे भोगलं त्याची शिल्लक. पहिलीला सामाजिक विषमता म्हणतात, दुसरीला ऐतिहासिक आघात. शब्द जड वाटतात, पण दोन्ही गोष्टी रक्तदाबात, साखरेत आणि चुकलेल्या तारखांत रोज दिसतात.

विषमता म्हणजे फक्त गरिबी नव्हे

१८४८ साली प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या अप्पर सायलेशिया भागात टायफस या तापाची साथ आली. सरकारने तपासायला पाठवलेला डॉक्टर रुडॉल्फ फिरशॉ तेव्हा २६ वर्षांचा होता. त्याने अहवालात औषधांपेक्षा शिक्षण, रस्ते, शेतीतल्या सुधारणा आणि स्थानिक लोकांना स्वतःचा कारभार त्यांच्या पोलिश भाषेत चालवण्याचा हक्क यांची मागणी केली. साथीचं मूळ उपासमार आणि दडपणूक यांत आहे, असं त्याचं म्हणणं होतं. वैद्यकाने हे तेव्हापासून ऐकलेलं आहे. पचवलेलं मात्र नाही.

उपासमारीने माणूस आजारी पडतो, हे कुणालाही पटतं. त्यापुढची गोष्ट पटायला वेळ लागतो. १९६७ साली ब्रिटनमध्ये व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. त्यात सतरा हजारांहून अधिक पुरुष सरकारी कर्मचारी होते. सगळ्यांना कायमची नोकरी होती, पगार होता, मोफत सरकारी आरोग्यसेवा होती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या म्हणजे निरोपे, दारावरचे रखवालदार यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. मधल्या श्रेणी बरोबर मध्ये, पायरीपायरीने. धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब यांचा हिशेब वजा केल्यावरही निम्म्याहून जास्त फरक शिल्लक राहिला.

म्हणजे प्रश्न ‘गरीब आणि बाकीचे’ असा दोन कप्प्यांचा नाही. जिना आहे, आणि प्रत्येक पायरीवर आयुष्य थोडं थोडं कमी होतं. खालच्या पायरीवर कामाचा ताण असतो, पण ते काम कधी आणि कसं करायचं यावर ताबा नसतो. असा ताण शरीरात काय करतो, ते आता बऱ्यापैकी माहीत आहे. धोका दिसला की अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, नाडी व रक्तदाब चढतो, रक्तात साखर सोडली जाते. धोका टळला की सगळं खाली यायला हवं. घरभाडं, अपमान, उद्याच्या कामाची अनिश्चिती हे धोके टळतच नाहीत, त्यामुळे ही यंत्रणा पूर्ण बंद होत नाही. झोप बिघडते, पोटाभोवती चरबी साठते, रक्तवाहिन्यांत हलका दाह टिकून राहतो. ब्रूस मॅकइवन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ साली या साचलेल्या झिजेची संकल्पना मांडली. आर्लीन जेरोनिमस या संशोधकेने त्याआधी वर्षभर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांबाबत असंच दाखवलं होतं: सततच्या भेदभावामुळे शरीर वयाच्या आधी म्हातारं होतं.

त्यावर कडी म्हणजे सेवेची वाटणीही उलटी असते. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात काम करणारे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली लिहिलं, की चांगली वैद्यकीय सेवा तिची गरज जितकी जास्त तितकी कमी मिळते, आणि सेवा बाजाराच्या हाती जितकी जास्त तितकं हे तीव्र होतं. पन्नास वर्षांनंतरही त्यात दुरुस्ती करावी असं फारसं काही घडलेलं नाही.

आघात पुढच्या पिढीत पोचतो कसा

ऐतिहासिक आघात ही संकल्पना अमेरिकेतल्या मूलनिवासी लाकोटा समाजातल्या अभ्यासक मारिया येलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी १९८०च्या दशकापासून मांडली. कत्तली, जमिनी हिरावणं, मुलांना जबरदस्तीने निवासी शाळांत डांबणं हे ज्यांच्या बाबतीत घडलं त्यांच्या नातवंडांतही दुःख, व्यसन आणि आत्महत्या यांचं प्रमाण का जास्त, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर एका वाटेत नाही. निदान चार वाटा आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवून पाहिल्या तरच उपाय सुचतात.

पहिली वाट सरळ हिशेबाची. जमीन गेली, शिक्षण नाकारलं, घर कुठे घ्यायचं ते इतरांनी ठरवलं, तर पुढच्या पिढीला वारसा म्हणून कमी पैसा आणि जास्त आजार मिळतात. इथे मनाचा काही संबंध लागत नाही. भारतात १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण दरम्यानच्या ८१ वर्षांत न मिळालेली जमीन आणि शाळा कायदा रद्द झाल्याने परत आल्या नाहीत.

दुसरी वाट बालपणाची. कॅनडात दीड लाखांहून अधिक आदिवासी मुलं निवासी शाळांत गेली. शेवटच्या शाळा १९९०च्या दशकात बंद झाल्या. आईबापांविना, मारहाणीत वाढलेल्या मुलाला पुढे स्वतःचं मूल वाढवायचं असतं आणि डोळ्यांसमोर नमुना नसतो. बालपणातल्या हालांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या नऊ हजारांहून अधिक प्रौढांच्या अभ्यासात मोजलं गेलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात व्यसन, आईला होणारी मारहाण अशा सात प्रकारांपैकी चार किंवा अधिक ज्यांनी अनुभवले, त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट निघाला. हृदयविकार, कर्करोग, फुप्फुसांचे जुनाट आजार यांचाही धोका पायरीपायरीने वाढत होता.

तिसरी वाट गर्भाशयातली. १९४४-४५च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये रोजचा शिधा हजार उष्मांकांच्याही खाली गेला. त्या काळात गर्भात असलेल्या मुलांमध्ये पन्नाशीत पोचल्यावर साखर पचवण्याची क्षमता कमी आढळली. जे गर्भधारणेच्या सुरुवातीलाच उपासमारीत सापडले त्यांच्यात हृदयविकार आणि स्किझोफ्रेनियाही अधिक आढळला. सहा दशकांनंतरही काही जनुकांवरच्या रासायनिक खुणा वेगळ्या दिसल्या. मात्र इथे सावधपणे बोलायला हवं. गर्भातल्या बाळावर थेट परिणाम होतो, हे पक्कं आहे. आघात जनुकांवरच्या खुणांमधून नातवंडांपर्यंत उतरतो, हे प्राण्यांत काही प्रमाणात दिसलं असलं तरी माणसांत सिद्ध झालेलं नाही. ‘तुमच्या रक्तातच हे दुःख आहे’ असं रुग्णाला सांगणं शास्त्राला धरून नाही. त्याहून वाईट म्हणजे त्यामुळे एका समाजावर पुन्हा जन्मजात दोषाचा शिक्का बसतो.

चौथी वाट आठवणीची. ती दवाखान्यात सर्वांत जास्त भेटते.

अविश्वास शिकलेला असतो

अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ साली अलाबामातल्या टस्कीगी भागात ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास सुरू केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचं नाव सांगितलं नाही, ‘रक्त खराब आहे’ एवढंच सांगितलं. १९४७च्या सुमारास पेनिसिलिन हा या रोगाचा मान्य उपचार झाला, तरी ते दिलं नाही, कारण उपचाराविना रोग कुठवर जातो ते पाहायचं होतं. १९७२ साली वर्तमानपत्रांतून बोभाटा झाल्यावर अभ्यास थांबला. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ साली.

मध्य आफ्रिकेत फ्रेंच वसाहती सरकारने १९२१ ते १९५६ या काळात निद्रारोगाविरुद्ध मोहिमा चालवल्या. गावंच्या गावं बंदुकीच्या धाकाने गोळा करून इंजेक्शनं दिली गेली. काही औषधांनी दृष्टी गेली, काहींनी गँगरीन झालं. अलीकडच्या अर्थशास्त्रीय संशोधनात आढळलं, की ज्या भागांत या मोहिमा जास्त वेळा पोचल्या, तिथले लोक आजही साधी, मोफत रक्ततपासणी जास्त प्रमाणात नाकारतात आणि तिथे मुलांचं लसीकरणही कमी आहे. मधे दोन-तीन पिढ्या गेल्या आहेत.

पुण्यातल्या १८९७च्या प्लेगमध्ये याची दोन्ही रूपं एकाच वेळी दिसली. रँडच्या प्लेग समितीने सैनिक घराघरांत घुसवले, बायकापुरुषांना तपासणीसाठी बाहेर काढलं, सामान जाळलं, माणसं विलगीकरण छावण्यांत नेली. लोक रोगी लपवू लागले. लपवलेला रोगी म्हणजे पसरणारा प्लेग, त्यामुळे जबरदस्तीने स्वतःचाच हेतू हाणून पाडला. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर दवाखाना चालवून रुग्णांची सेवा केली. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या. रोग तोच, शहर तेच. फरक होता तो दारात कोण आणि कसं उभं राहतं याचा.

आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात भारतात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांवर. कोट्याच्या दडपणाखाली गरीब, दलित, आदिवासी, मुसलमान वस्त्या वेठीस धरल्या गेल्या. त्यानंतर पुरुष नसबंदी जवळपास नाहीशीच झाली आणि सगळा भार स्त्रियांवर आला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्री नसबंदीवर आणि ०.३ टक्के पुरुष नसबंदीवर अवलंबून होत्या. पुढे पोलिओच्या डोसाबद्दल ‘यातून वंध्यत्व येतं’ अशी अफवा काही वस्त्यांत रुजली. अफवा खोटीच होती, पण तिला ओल देणारी जमीन खरी होती.

या सगळ्यातून एक चुकीचा निष्कर्ष फार लवकर निघतो: अविश्वास म्हणजे जुन्या जखमेचं दुखणं, आजच्या दवाखान्याचा त्यात दोष नाही. प्रत्यक्षात जुनी आठवण जिवंत राहते ती आजच्या अनुभवामुळे. २००८ साली कॅनडातल्या विनिपेग शहरात मूत्राशयाचा संसर्ग झालेला एक आदिवासी माणूस तातडीच्या विभागात व्हीलचेअरवर ३४ तास बसून राहिला आणि तिथेच मरण पावला. तो दारू प्यायलेला किंवा बेघर असेल, केवळ आसऱ्याला आला असेल, असं काही कर्मचाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. संसर्ग बरा होण्यासारखा होता. अमेरिकेत २०१६ साली झालेल्या एका अभ्यासात श्वेतवर्णीय वैद्यकीय विद्यार्थी व निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांना ‘काळ्या लोकांची त्वचा जाड असते’ यासारखं किमान एखादं खोटं विधान खरं वाटलं. ज्यांना अशी विधानं खरी वाटली त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदना कमी मोजल्या आणि वेदनाशामकाचा सल्लाही कमी अचूक दिला. अशा दवाखान्यात सावध राहणारा माणूस शहाणपणानेच वागत असतो.

उपकरणं आणि सूत्रंही तटस्थ नसतात

बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर त्वचेतून प्रकाश पाठवून ऑक्सिजन मोजतो. गडद त्वचेत तो आकडा कधी कधी जास्त दाखवतो. २०२०च्या एका अमेरिकी अभ्यासात यंत्रावर ९२ ते ९६ टक्के दिसत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी ऑक्सिजन असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के आणि श्वेतवर्णीयांत ३.६ टक्के होतं. व्यवहारात याचा अर्थ असा: गडद त्वचेच्या रुग्णाला धाप लागलेली असेल, श्वासाचा वेग वाढलेला असेल आणि यंत्र ९३ दाखवत असेल, तर यंत्रावर विसंबून घरी पाठवू नये. आकडा किती घसरत चाललाय ते पाहावं, चालवून पुन्हा मोजावा, शंका असल्यास धमनीतल्या रक्ताची तपासणी करावी. नेलपॉलिश, थंड बोटं आणि हलणारा हातही चूक वाढवतात.

दुसरं उदाहरण संगणकाचं. अमेरिकेत जादा देखभाल कुणाला द्यायची ते ठरवणारी एक प्रणाली ‘आजवर उपचारांवर झालेला खर्च’ हेच आजाराचं माप धरत होती. ज्यांना सेवा कमी मिळते त्यांच्यावर खर्चही कमी होतो, म्हणून तितकेच आजारी असलेले कृष्णवर्णीय रुग्ण तिला निरोगी वाटत. २०१९ साली संशोधकांनी दाखवलं, की ही चूक सुधारली तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचा वाटा १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल. प्रणालीत वंशाचा रकाना नव्हताच, तरी भेदभाव आत आला.

प्रिस्क्रिप्शन परिस्थितीत बसतं का

इथून पुढे डॉक्टर, सिस्टर, आरोग्यसेविका, फार्मासिस्ट यांच्या हातातल्या गोष्टी.

गोळ्यांबद्दल ‘नियमित घेता ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येतं. ‘बऱ्याच जणांच्या गोळ्या राहून जातात. गेल्या सात दिवसांत तुमच्या किती राहिल्या?’ असं विचारलं की आकडा येतो. मग ‘त्या दिवशी काय झालं होतं?’ तीन उत्तरं वारंवार मिळतात: औषध संपलं आणि आणायला पैसे नव्हते, कामावर घेता आलं नाही, घेतल्यावर त्रास झाला. तिघांवरचा उपाय वेगवेगळा आहे. उपदेश मात्र तिघांनाही निरुपयोगी आहे.

मधुमेहात अन्नाची अनिश्चिती जिवावर बेतू शकते. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या पोटात अन्न असो-नसो, इन्सुलिन स्रवायला लावतात. जेवण चुकलं की साखर धोकादायक खाली जाते. कॅलिफोर्नियातल्या नोंदींत अल्प उत्पन्न असलेल्या लोकांमध्ये साखर उतरून भरती होण्याचं प्रमाण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्या आठवड्यापेक्षा २७ टक्के जास्त होतं. चांगल्या उत्पन्नाच्या लोकांत असा फरक नव्हता. म्हणून ज्याच्या घरी महिनाअखेर ओढाताण असते, त्याला शक्य तिथे मेटफॉर्मिनसारखं, एकटं दिलं तर साखर सहसा धोकादायक खाली न नेणारं औषध द्यावं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी द्यावीच लागली तर ‘जेवण नाही तर ही गोळी नाही’ हे तिच्या पाकिटावर खूण करून सांगावं. मेटफॉर्मिनचं दुखणं वेगळं: सुरुवातीला जुलाब होतात, आणि ज्या बाईच्या कामाच्या ठिकाणी शौचालय नाही ती ते दोन दिवसांत बंद करते. ५०० मिलिग्रॅमपासून, जेवणाबरोबर, दर आठवड्याला वाढवत नेलं किंवा हळूहळू विरघळणारी गोळी दिली तर त्रास बराच कमी होतो.

शौचालयाचा प्रश्न लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांतही नडतो. फ्युरोसेमाइडचा परिणाम तासाभरात सुरू होतो आणि साधारण सहा तास टिकतो. सकाळी आठला घ्यायला सांगितलेली गोळी रस्त्यावर काम करणारी बाई घेत नाही. पायाला सूज येते, आणि कागदावर लिहिलं जातं की ऐकत नाही. कामावरून घरी आल्यावर संध्याकाळी लवकर घेतली तरी ती काम करते, हे कुणी सांगितलेलं नसतं. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन दिवसातून एकदाच पुरतं आणि त्याचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे एखादी गोळी चुकली तरी दाब लगेच उसळत नाही. असं एखादी चूक पोटात घालणारं औषध अनिश्चित आयुष्यात फार मोलाचं असतं.

इन्सुलिनसाठी फ्रीज नाही म्हणून उपचारच टाळले जातात, तेही बहुधा गरजेचं नसतं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, पण वापरात असलेली बाटली बहुतेक प्रकारांत २५-३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालते. दवाखान्याने एका वेळी एकच बाटली दिली आणि बाकीच्या आपल्याकडे ठेवल्या तर अडचण बरीच सुटते. बर्फाला चिकटून गोठलेलं इन्सुलिन मात्र टाकून द्यायचं. ते पुन्हा पातळ झालं तरी निकामी असतं.

अन्नाबद्दल विचारायला दोन वाक्यं पुरतात: गेल्या वर्षभरात पैसे हाती येण्याआधी घरातलं अन्न संपेल अशी काळजी वाटली का? आणि प्रत्यक्षात कधी अन्न पुरलं नाही, पुन्हा आणायला पैसे नव्हते, असं झालं का? हे सगळ्यांना विचारावं, ‘गरीब दिसणाऱ्यांना’च नव्हे, नातेवाईकांसमोर नव्हे, आणि उत्तर ‘हो’ आलं तर पुढे कुठे पाठवायचं ते आधी ठरवून. मदतीची वाट माहीत नसताना विचारलेला प्रश्न म्हणजे नुसती चौकशी, आणि चौकशीला ही माणसं कंटाळलेली असतात.

हात लावण्याआधी

ज्याच्या शरीरावर कुणी तरी जबरदस्ती केली आहे, त्याला तपासणीचं टेबल, बंद दार, मागून आलेला हात यांत धोका दिसतो. अंग ताठरतं, नाडी पळते, किंवा माणूस एकदम गप्प होऊन ‘हो हो’ म्हणू लागतो. हे शेवटचं लक्षण सर्वांत फसवं, कारण ते सहकार्यासारखं दिसतं.

कुणाबरोबर काय घडलंय ते आपल्याला कळणार नाही, म्हणून काळजी सगळ्यांच्याच बाबतीत सारखी घ्यावी. कपड्यांत असतानाच बसून बोलावं. काय तपासणार, का, किती वेळ, दुखेल का, ते सांगावं. ‘थांबा म्हणालात किंवा हात वर केलात की मी थांबेन’ असं सांगावं आणि खरंच थांबावं. एकदा न थांबल्यास पुढची सगळी वाक्यं फुकट जातात. तपासायचा तेवढाच भाग उघडावा, झाला की झाकावा, मग पुढचा. रुग्ण आणि दार यांच्या मधे उभं राहू नये. योनीमार्गाच्या तपासणीत ‘रिलॅक्स व्हा’ हे शब्द टाळावेत, कारण अत्याचार करणाऱ्यांचेही शब्द अनेकदा हेच असतात. ‘गुडघे बाजूला सैल सोडता येतील का?’ हे पुरतं. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून पाहायचं उपकरण) स्वतः आत सरकवण्याची मुभा दिली तर अनेकींना ते सोपं जातं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी एचपीव्हीचा (तो कर्करोग घडवणाऱ्या विषाणूचा) नमुना स्त्रीने स्वतःच घेण्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. प्रसूतीत, गर्भाशयमुख पाच सेंटिमीटर उघडल्यानंतरच्या टप्प्यात सर्व काही ठीक असेल तर आतली तपासणी चार तासांनी एकदा पुरते. शिकणाऱ्या प्रत्येकाने ‘एकदा पाहून घेणं’ ही सेवा नव्हे.

आघाताचा तपशील खोदून विचारायची गरज बहुतेक वेळा नसते. ‘दवाखान्यात याआधी काही वाईट अनुभव आलाय का? आज मी काय टाळू?’ एवढं पुरेसं असतं. एकाच बैठकीत सगळं बोलून मोकळं करवून घेण्याच्या पद्धतीचा उपयोग होत नाही आणि काहींना त्याने अपाय होतो, हे चाचण्यांत दिसलेलं आहे.

नोंद, दुभाषा आणि फसणाऱ्या चांगल्या इराद्यांबद्दल

केसपेपर पुढचा डॉक्टर वाचतो. २०१८ साली अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांना सिकलसेल या वेदनादायी रक्तविकाराच्या एकाच काल्पनिक रुग्णाच्या दोन नोंदी दिल्या: एक तटस्थ, एक हिणवणाऱ्या शब्दांत. दुसरी वाचणाऱ्यांचं मत रुग्णाविरुद्ध गेलं आणि त्यांनी वेदनेवर कमी जोरकस उपचार सुचवले. तेव्हा ‘नकार दिला’ याऐवजी ‘मजुरी बुडते म्हणून भरती व्हायला तयार नाही, शनिवारी येईन म्हणाली’ असं लिहावं. ‘दुखत असल्याचा दावा करतो’ याऐवजी ‘दुखतं असं सांगतो’. क्षयरोगात जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ पासून उपचार सुटलेल्या रुग्णाला ‘डिफॉल्टर’ म्हणणं सोडलं आहे.

भाषा वेगळी असेल तर मुलांना दुभाषी करू नये. आईच्या रक्तस्रावाबद्दल दहा वर्षांचा मुलगा नीट सांगू शकत नाही, आणि नवऱ्यासमोर मारहाणीबद्दल कुणी बोलत नाही. दुभाषा बाजूला, नजर रुग्णाकडे, वाक्यं छोटी. शेवटी ‘समजलं का?’ नको. ‘मी नीट सांगितलं का ते मला पाहायचंय; घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्याल ते मला सांगाल?’ असं विचारावं. उत्तर चुकलं तर समजावण्याची पद्धत बदलून पुन्हा सांगावं.

चांगल्या हेतूने होणाऱ्या चुका कमी नाहीत. ‘अमुक समाजाचे लोक असे असतात’ अशी यादी पाठ करणं ही त्यांतली मोठी. न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी याला उलटं वळण दिलं: दुसऱ्याच्या चालीरीती पाठ करण्याआधी परिचारिकेने स्वतःकडे असलेली सत्ता ओळखावी, आणि सेवा सुरक्षित होती की नाही ते घेणाऱ्याने ठरवावं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथल्या परिचर्या शिक्षणात हे शिकवलं जातं. दुसरी चूक म्हणजे बालपणातल्या हालांच्या प्रत्येक प्रकाराला एक असे गुण मोजून एकेका माणसाचं भवितव्य सांगणं. ते गुण हजारो लोकांच्या सरासरीसाठी आहेत. चार गुण असलेली अनेक माणसं निरोगी असतात. तिसरी चूक म्हणजे प्रत्येक पोटदुखीचं मूळ आघातात शोधणं आणि अपेंडिक्स चुकवणं.

एका डॉक्टरच्या हाताबाहेरचं

गोड बोलणारा डॉक्टर आणि सकाळी नऊ ते अकराच उघडी ओपीडी यांत ओपीडी जिंकते. रोजंदारीवरच्या माणसाला तपासणी, रिपोर्ट आणि औषध यांसाठी तीन वेगळे दिवस बोलावलं, तर तीन दिवसांची मजुरी ही त्या ‘मोफत’ उपचारांची किंमत असते. दोन चुकलेल्या तारखांनंतर नाव काढून टाकण्याचा नियम बरोबर त्यांनाच बाहेर काढतो ज्यांना सेवेची सर्वांत जास्त गरज आहे. त्याऐवजी चुकलेल्या प्रत्येक तारखेनंतर एक फोन, आणि कारणाची नोंद. तीन महिन्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्या की वेळ, अंतर, कागदपत्रं, अपमान यांपैकी अडतंय कुठे ते स्पष्ट दिसतं.

आकडेही फोडून पाहायला हवेत. दवाखान्यातल्या ७० टक्के रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात आहे, ही सरासरी. ती स्त्री-पुरुष, भाषा, वस्ती, जात किंवा जमात, घरापासूनचं अंतर यांनुसार मांडली तर एखाद्या गटात ती ४० असू शकते. मात्र अशी माहिती ती देणाऱ्याच्या संमतीने, त्याने स्वतः सांगितली तशी घ्यावी. चेहरा पाहून रकाना भरू नये. ती कोण पाहणार, पोलिसांकडे किंवा मालकाकडे जाणार नाही ना, हे आधी सांगावं. ज्यांच्या नोंदी एकेकाळी त्यांच्याच विरुद्ध वापरल्या गेल्या त्यांचा हा प्रश्न पूर्णपणे रास्त आहे.

सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत कमी केली जाणारी गोष्ट म्हणजे निर्णयाचा अधिकार देणं. सल्लागार समितीत दोन खुर्च्या दिल्याने ते होत नाही. अंदाजपत्रक, नेमणुका आणि तक्रारींचा निकाल यांत मत लागतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या आदिवासी समुदायांचा मायकेल चँडलर आणि क्रिस्टोफर लालोंद यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. १९८७ ते १९९२ या काळातल्या तरुणांच्या आत्महत्या त्यांनी समुदायवार मोजल्या. काही समुदायांत त्या भयंकर होत्या, अनेकांत एकही नव्हती, जरी वसाहतवादाचा इतिहास सगळ्यांनीच भोगला होता. फरक सहा गोष्टींशी जुळत होता: स्वशासन, जमिनीच्या हक्काचा लढा, आणि शाळा, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन सेवा व सांस्कृतिक केंद्रं समुदायाच्या हाती असणं. यांपैकी जितक्या जास्त गोष्टी हाती, तितक्या आत्महत्या कमी. सहाही असलेल्या समुदायांत त्या वर्षांत एकाही तरुणाने जीव दिला नव्हता.